गोव्याच्या पावसात जुनी गाडी : बाहेरच्या पट्ट्या आणि रबरे पुन्हा बसवताना

जुन्या गाडीचा रंग मनासारखा उतरला की मालकाला चकाकत्या पट्ट्या चढवण्याची घाई होते, आणि गाडीच्या पत्र्याचे पुढच्या दहा वर्षांचे भवितव्य बहुधा त्याच आठवड्यात ठरते. पट्टीसाठी पत्र्याला भोक असते, भोकाच्या कडेवर रंग टिकत नाही, पट्टीच्या मागच्या पोकळीत पाणी साचते, आणि गोव्यात ते नुसते पाणी नसते. किनाऱ्याकडच्या वाऱ्यात मीठ असते, तर डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यातल्या तांबड्या धुळीत लोहखनिजाचे कण असतात. त्यामुळे पट्टी आणि रबर बसवताना पाणी आत कसे येणार नाही एवढाच विचार करून भागत नाही; आत आलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाईल, हे आधी पाहावे लागते.

पुढील सर्व वर्णन करताना माझ्या डोळ्यांसमोर प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे नावे बदलत पद्मिनी झाली, त्यामुळे तिच्या आधीच्या भावंडांनाही यातले बहुतेक लागू पडते. अँबॅसडरच्या किंवा पोर्तुगीज अमदानीत युरोपातून आलेल्या एखाद्या गाडीच्या मालकाने क्लिपांचे आकार आणि काचेच्या रबराची घडण तेवढी तपासून घ्यावी; तत्त्व तेच राहते.

कामाचा हंगाम

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात रबर चिकटवण्याचे काम करू नये. रबराचे सोल्यूशन लावल्यावर त्यातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि सोल्यूशनवर पांढुरकी झाक येते. असा थर हाताला चिकट लागला तरी सांध्याला धरून राहत नाही. चवथीला गाडी दारात उभी दिसावी म्हणून ऑगस्टमध्ये रबरे चिकटवून घेणाऱ्यांची रबरे दिवाळीपर्यंत लोंबू लागलेली मी पाहिली आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्च-एप्रिलही चालतात, मात्र तेव्हा सोल्यूशन फार लवकर सुकते म्हणून थोड्या थोड्या लांबीत काम करावे लागते.

रंग झाल्यानंतर निदान तीन-चार आठवडे थांबावे. रंग वरून कोरडा झाला तरी त्यातला थिनर आतून हळूहळू निघत असतो. मी एकदा आठव्या दिवशीच डिकीचे रबर बसवून झाकण बंद केले आणि महिन्याने उघडले, तेव्हा रबराची नक्षी रंगात छापखान्यासारखी उमटली होती. ती कड पुन्हा घासून रंगवावी लागली.

काढताना

बसवण्याचे निम्मे काम काढतानाच होते. पोलादी पेचकसाने पट्टी उचकटू नये. बांबूची पातळ, तासलेली पाचर किंवा प्लॅस्टिकची सपाट पट्टी वापरावी आणि पत्र्यावर दुहेरी मास्किंग टेप लावून मगच ती आत सरकवावी. क्लिपेच्या अगदी जवळ जाऊन जोर द्यावा, दोन क्लिपांच्या मध्ये नव्हे, कारण मध्ये जोर दिला की पट्टीला कायमचा बाक येतो. बहुतेक लांब पट्ट्यांच्या टोकांना साधी क्लिप नसून छोटा बोल्ट असतो आणि त्याची चाकी दाराच्या किंवा मडगार्डच्या आतून सोडावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे टोके मोडलेल्या पट्ट्या भंगारवाल्यांकडे भरपूर सापडतात. प्रत्येक पट्टीमागे आतल्या बाजूला डावी-उजवी आणि क्रमांक लिहावा, तिच्या क्लिपा तिच्याच पिशवीत ठेवाव्यात, आणि काढण्यापूर्वी दाराच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून टिपून ठेवावे. छायाचित्रात हे अंतर नेमके कळत नाही.

पट्टी कोणत्या धातूची आहे हे पॉलिशला देण्यापूर्वी ओळखणे आवश्यक आहे. लोहचुंबक घट्ट चिकटला तर ती बहुधा क्रोम चढवलेली पोलादी वस्तू असते, जसा बंपर; मात्र काही जातींच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. चिकटला नाही आणि वस्तू हलकी, नखाने दाबली तरी मऊ वाटणारी असेल तर ती अल्युमिनियमची. चिकटला नाही पण पट्टी ताठ आणि करकरीत असेल तर ती स्टेनलेसची. मोनोग्राम, हँडल, दिव्यांच्या काही कड्या या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात आणि त्यांनाही चुंबक चिकटत नाही, पण त्या वजनाने जड लागतात. स्टेनलेसची पट्टी घरीही सुधारता येते. पोचा आतून लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने उचलावा, उंचवटा बारीक कानशीने उतरवावा, मग पाण्याबरोबर ४००, ६००, ८००, १२०० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवून शेवटी बफ मारावा. मधला नंबर गाळल्यास बफ मारल्यानंतर आधीच्या पेपरचे ओरखडे उन्हात स्पष्ट दिसतात. ओतीव जस्तावरचे क्रोम मात्र एकदा फुटकुळ्यांनी भरले की घरगुती उपायाने ते परत येत नाही. अल्युमिनियमच्या पट्टीवर संरक्षक थर चढवलेला असतो आणि तो कॉस्टिकने क्षणात उतरतो. एका कारखान्याने माझ्या पुढच्या जाळीची पट्टी पोलादी समजून कॉस्टिकच्या टाकीत बुडवली होती आणि ती राखाडी, खरखरीत होऊन परत आली.

आमच्याकडे समई-तांब्या चिंचेने किंवा भिरंडीच्या (कोकमाच्या) सोलांनी घासण्याची सवय घराघरांत आहे, आणि त्याच उत्साहात काही जण बंपरही घासतात. पितळेला ते मानवते. क्रोमच्या बारीक छिद्रांत आम्ल शिरून राहिले तर खालचा पत्रा गंजतो आणि अल्युमिनियमवर तर डागच पडतात. क्रोमला साबणाचे पाणी, गोडे पाणी आणि मेण पुरेसे आहे.

रबर निवडताना

बाजारात मिळणारी रबरे दिसायला सारखीच काळी असतात, परंतु नैसर्गिक रबर ऊन आणि हवेतला ओझोन यांनी तडकते, तर ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर ऊन-पावसात कितीतरी जास्त टिकते. विकत घेताना रबर दुमडून नखाने दाबून पाहावे. घडीवर बारीक पांढऱ्या रेषा उमटल्या तर ते घेऊ नये. काचेचे रबर भरीव आणि दारांचे रबर स्पंजासारखे असावे. काचेच्या जागी स्पंज चालत नाही, आणि दाराला भरीव रबर लावले तर दार खांद्याने ढकलून बंद करावे लागते.

दाराचे रबर किती जाडीचे हवे, हे नव्या रबराच्या पुडक्यावर लिहिलेले नसते आणि जुने रबर तर दबून चपटे झालेले असते. अशा वेळी गणपतीच्या मूर्तीला वापरतात तशी मऊ चिकणमाती उपयोगी पडते. मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून दाराच्या चौकटीवर सहा-सात ठिकाणी ठेवाव्यात, दार कुलूप लागेपर्यंत अलगद बंद करावे, मग उघडून प्रत्येक गोळी किती मिलिमीटर जाड राहिली ते मोजावे. बंद दारात स्पंजचे रबर आपल्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने दबले पाहिजे. म्हणजे गोळी आठ मिलिमीटर राहिली तर रबर बारा मिलिमीटरचे लागेल. गोळ्यांच्या जाडीत मोठा फरक आढळला तर दोष रबराचा नसून बिजागरीचा किंवा कुलपाच्या पकडीचा आहे, आणि तो रबराने झाकण्याचा प्रयत्न करू नये. दार आधी सरळ करून घ्यावे.

जुन्या चिकटद्रव्याचे पापुद्रे रॉकेलने भिजवून लाकडी पट्टीने खरवडावेत, मग पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करावा, कारण रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर नवे सोल्यूशन धरत नाही. नव्या रंगावर थिनर वापरू नये, हे सांगावे लागू नये, पण सांगतो. गुंडाळीत आलेले रबर आधी तासभर उन्हात सरळ पसरून ठेवावे. सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटते पण बोटाबरोबर उठत नाही अशी स्थिती आली की रबर जागेवर ठेवून दाबावे.

इथे बहुतेकांच्या हातून एकच चूक होते आणि ती माझ्याही हातून झाली: रबर ताणून लावणे. कोपऱ्यांवर ते छान बसते म्हणून आपण नकळत ओढत जातो, आणि उन्हाळा संपेपर्यंत ते आपल्या मूळ लांबीवर परत येते. माझ्या डाव्या मागच्या दारात सांध्याजवळ बोटभर फट पडली होती आणि पावसाचे पाणी नेमके तिथून आसनाखाली जात होते. रबर उलट किंचित दाबत, पुढे ढकलत लावावे आणि शेवटी चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवून कापावे, म्हणजे दोन टोके एकमेकांवर दबून राहतात. दाराच्या रबराचा सांधा खाली, पायरीच्या बाजूला ठेवावा.

रबर मऊ राहावे म्हणून त्याला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावण्याची पद्धत टाळावी. अशा तेलकट पदार्थांनी रबरे फुगतात आणि पुढे भुसभुशीत होतात. ग्लिसरीन किंवा सिलिकॉनचे वंगण वापरावे.

पुढची काच

या कामाला दोन माणसे लागतात, आणि त्यांतल्या एकाला घाई नसावी. आपली काच कोणत्या प्रकारची आहे हे कोपऱ्यातल्या खुणेवरून आधी पाहावे. टफन्ड काच कडेवर लागलेल्या एका ठोक्याने चुरा होते, तर दोन थरांची लॅमिनेटेड काच पीळ बसला की तडकते. म्हणून पहिलीला धातूचा स्पर्श होऊ देऊ नये आणि दुसरीला एका कोपऱ्यात दाबू नये.

चौकटीची कड प्रथम नीट तपासावी. खालच्या दोन कोपऱ्यांत गंज असतोच. तो घासून, भोके असतील तर पत्रा जोडून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग देऊन कड गुळगुळीत करावी. लांबी (पुट्टी) भरून केलेली कड रबराच्या दाबाखाली फुटते. मग रबर काचेभोवती चढवावे. लांबीवर कापून घेतलेले रबर असेल तर त्याचा सांधा वरच्या बाजूला मध्यभागी आणावा असे माझे मत आहे, कारण पाणी थांबून राहते ते खालच्या कडेला. रबराच्या बाहेरच्या खाचेत चकाकती पट्टी बसणार असेल तर ती याच वेळी, काच अजून टेबलावर असतानाच बसवावी. काच चौकटीत गेल्यावर रबराचा ओठ इतका आवळला जातो की नंतर पट्टी आत घालताना ती वाकते किंवा रबर फाटते. ज्या गाड्यांत रबराला वेगळी कुलपी पट्टी असते तिथे क्रम उलटा आहे: आधी रबर चौकटीवर, मग काच रबरात, आणि सर्वांत शेवटी कुलपी पट्टी.

आता चार ते पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची गुळगुळीत दोरी घ्यावी. काचेच्या घेराहून ती दोन-तीन वीत जास्त असावी. रबराच्या ज्या खाचेत चौकटीची कड बसणार तिथे ही दोरी सभोवार भरावी आणि तिची टोके खालच्या मध्यभागी एकमेकांवरून ओलांडून आतल्या बाजूला सोडावीत. चौकटीला आणि रबराला अंगाच्या साबणाचे पातळ पाणी लावावे. कपड्यांच्या पावडरीत क्षार असतात आणि ते खाचेत राहून ओल धरतात, म्हणून ती टाळावी. एकाने बाहेरून काच चौकटीवर ठेवून दोन्ही तळव्यांनी सारखा दाब द्यावा. दुसऱ्याने आत बसून दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने, चौकटीला समांतर न ओढता, हळूहळू ओढावे. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ कडेवरून आत पलटतो. बाहेरच्या माणसाचा तळवा नेहमी दोरी जिथे निघते आहे त्याच जागी असावा. खालची बाजू पूर्ण झाल्यावर दोन्ही उभ्या बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने घ्याव्यात आणि वरची बाजू शेवटी. कुठे ओठ अडकला तर जोर करू नये. साबणपाणी पुन्हा लावून बांबूच्या पाचरीने तो उचलावा.

काच बसल्यावर रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारे, मऊ राहणारे सीलंट पातळ नळीने भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे बाथरूमचे सिलिकॉन इथे कदापि वापरू नये, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते थेट पत्र्याला लागते. मेस्त घाईत असेल तर नेमकी तीच ट्यूब काढतो, म्हणून सीलंट आपण स्वतः आणून ठेवावे.

लांब पट्ट्या

मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत पट्टी एका रेषेत दिसली पाहिजे. भोके ठरलेली असली तरी ठोकपीट झालेल्या पत्र्यात ती दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालेली असतात. म्हणून गवंडी धरतो तसे सूत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून त्याखाली मास्किंग टेप लावावी आणि क्लिपा त्या रेषेला जुळतात का ते पाहावे. न जुळणारे भोक कानशीने किंचित लांबट करावे.

प्रत्येक भोकाच्या उघड्या कडेला ब्रशने प्रायमर आणि रंग द्यावा, तो सुकल्यावर पोकळीत वापरायचे मेण किंवा घट्ट ग्रीस लावावे, आणि मगच क्लिप घालावी. स्टेनलेस आणि साधा पत्रा खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात झीज पत्र्याची होते, पट्टीची नाही. पट्टी चकाकत राहते आणि तिच्यामागे पत्र्याची चाळण होते. अल्युमिनियमच्या पट्टीत मात्र पट्टीच खाल्ली जाते आणि पांढरी भुकटी दिसू लागते. नायलॉनच्या क्लिपा मिळत असतील तर त्या पोलादी क्लिपांपेक्षा चांगल्या. पोलादीच वापरायच्या असतील तर त्यांच्याखाली पातळ रबराची चकती ठेवावी. बंपर आणि त्याच्या ब्रॅकेटमध्येही अशी चकती ठेवावी आणि बंपरच्या मागच्या बाजूला मेण फासावे.

पट्टी चढवताना आधी टोकाचा बोल्ट सैल लावावा, मग तळव्याने एकेक क्लिप दाबत जावे. हातोडी, रबरी असली तरी, नको. दाराच्या पट्टीचे पुढचे टोक दाराच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवावे आणि सर्व क्लिपा दाबण्यापूर्वी दार अगदी हळू पूर्ण उघडून पाहावे. बिजागरीकडे फिरताना हे टोक मडगार्डच्या नव्या रंगात कोरत जाऊ शकते, आणि ते पाहण्यासारखे दुःख नाही.

मोनोग्रामच्या मागच्या ओतीव खुंट्या ठिसूळ असतात. त्यांवर आडवा जोर आला की त्या मोडतात, म्हणून भोके मोकळी करून घ्यावीत आणि खुंटीच्या मुळाशी मऊ सीलंटचा ठिपका ठेवावा.

दाराच्या आत

खिडकीच्या काचेला बाहेरून घासणारी रबरी पट्टी आणि उभ्या फेल्टच्या चॅनेल कितीही नव्या असल्या तरी काचेवरून ओघळलेले थोडे पाणी दाराच्या आत जातेच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरले आहे. म्हणूनच दाराच्या तळाला भोके असतात. नवा रंग, सीलंट किंवा खाली उतरलेले रबर यांनी ती बुजली आहेत का, हे तारेने तपासावे. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याची खालची कड दाराच्या आत वळवलेली असली पाहिजे, म्हणजे त्यावरून येणारे पाणी दारातच पडेल. ती कड बाहेर राहिली तर सर्व रबरे नवी असूनही पायाखालचा गालिचा भिजतो, आणि लोक पुन्हा दाराच्या रबराला दोष देतात.

तपासणी

प्रथम कोरडी तपासणी करावी. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी दारात धरून दार बंद करावे आणि ती ओढून पाहावी; ती सहज निसटली तर त्या जागी रबर दबत नाही. दर वीतभर अंतरावर हे करावे. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या नळीने पाणी सोडावे. सुरुवात खालून करून हळूहळू वर जावे, कारण वरून पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. एका जागी निदान दोन मिनिटे पाणी धरावे. जोराचा फवारा उपयोगाचा नाही. पाऊस तसा पडत नाही.

सोल्यूशनला पूर्ण पकड येण्यासाठी एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात गाडी धुऊ नये आणि दारे शक्यतो लावूनच ठेवावीत. फेरीबोटीतून खाडी ओलांडली किंवा गाडी किनाऱ्यावर उभी केली, तर त्याच संध्याकाळी पट्ट्यांवरून आणि बंपरवरून गोडे पाणी ओतून कपड्याने पुसावे. खाणपट्ट्यातून आल्यावर स्टेनलेसवर तांबडे ठिपके दिसले तर ते पट्टीचा गंज नसून धुळीतल्या लोहखनिजाचे आहेत. ते मेणाच्या पॉलिशने लगेच निघतात, महिनाभर राहू दिले तर खाली खड्डे पडतात.

मिरगाच्या पहिल्या जोराच्या सरीनंतर चारही गालिचे आणि डिकीतली स्टेपनी उचलून खाली हात फिरवावा. ओल लागली तर ती जागा खडूने खूण करून ठेवावी, भोके पुन्हा तारेने मोकळी करावीत, आणि चिकटवण्याचे काम मात्र पाऊस ओसरेपर्यंत हाती घेऊ नये.